किल्ली नाही, टायटल नाही: अमेरिकेत जुनी गाडी दान करायची तर

नवी गाडी आली किंवा भारतात परतायचं नक्की झालं, आणि जुनी गाडी अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये तशीच उभी राहिली. बॅटरी उतरली, टायर बसले, आणि एक दिवस लीझिंग ऑफिसची चिठ्ठी काचेवर चिकटली की गाडी हलवा, नाहीतर टो करू. विकायला काढली तर धड भाव येत नाही. मग कोणीतरी सुचवतं, दान करून टाका, ते लोक स्वतः येऊन घेऊन जातात. फोन लावला की पलीकडून पहिले दोन प्रश्न येतात: टायटल आहे का? किल्ली आहे का?

दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असलं तरी गाडी दान करता येते. आमची २००५ सालची सिव्हिक अशीच गेली, आणि नंतर इथे न्यू जर्सीत ओळखीच्या काही घरांना याच कामात मदत केली. बहुतेकांचा क्रम उलटा असतो. आधी किल्लीच्या मागे धावायचं, लॉकस्मिथला पैसे मोजायचे आणि टायटलचं शेवटी बघायचं. किल्ली नसेल तर गाडीचा भाव पडतो, पण गाडी जाते. टायटल नसेल तर सहसा जातच नाही, कारण मालकी ज्या कागदाने बदलते तो कागद नसताना संस्था ती पुढे विकू शकत नाही. म्हणून आधी टायटल, मग संस्था, आणि सगळ्यांत शेवटी किल्ली.

नियम प्रत्येक राज्याचे वेगळे आहेत. मी जिथे राज्याचं नाव घेतलं आहे तिथला नियम त्या राज्यापुरताच समजा, आणि फी भरण्याआधी आपल्या डीएमव्हीच्या (राज्याच्या वाहन खात्याच्या, म्हणजे आपल्या आरटीओसारख्या कचेरीच्या) वेबसाइटवर आजचा आकडा बघून घ्या.

१. गाडी कागदोपत्री कोणाची आहे ते आधी बघा

भारतातून नवीन आलेल्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. आपल्याकडे आरसी हा एकच कागद नोंदणीही दाखवतो आणि मालकीही. इथे हे दोन कागद वेगळे आहेत. ग्लव्ह बॉक्समध्ये असतं ते रजिस्ट्रेशन, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायची परवानगी. मालकी टायटलवर असते, आणि ते गाडीत ठेवायचं नसतं. रजिस्ट्रेशन कार्ड दाखवून ‘हे घ्या टायटल’ म्हणणारे मी बरेच पाहिले आहेत.

टायटलवर कोणाची नावं आहेत ते आठवा. नवरा-बायको दोघांची नावं असतील तर मधला शब्द महत्त्वाचा. बहुतेक राज्यांत ‘अँड’ असेल तर दोघांच्या सह्या लागतात आणि ‘ऑर’ असेल तर एकाची चालते. दोघांतला एक जण आधीच भारतात गेला असेल तर हे अडकतं. त्यावर उपाय पॉवर ऑफ ॲटर्नीचा (मुखत्यारपत्राचा), आणि त्यासाठी डीएमव्हीचा स्वतःचा फॉर्म वापरलेला सगळ्यांत बरा. कॅलिफोर्नियात तो रेग २६०, टेक्सासात व्हीटीआर-२७१. राज्य नोटरी मागत असेल तर भारतातल्या माणसाला अमेरिकन वकिलातीत अपॉइंटमेंट घेऊन सही करता येते. मुंबईची वकिलात वांद्रे-कुर्ला संकुलात आहे, आणि नोटरीच्या प्रत्येक शिक्क्याला ५० डॉलर पडतात. पण शक्य असेल तर माणूस विमानात बसायच्या आधीच हा फॉर्म भरून, सही करून ठेवा. नंतरची सगळी धावपळ त्याने वाचते.

मित्र भारतात परतला आणि गाडी तुमच्याकडे सोडून गेला, हा प्रकार आपल्या लोकांत फार. गाडी दोन वर्षं तुम्ही चालवली असेल, इन्शुरन्सही तुम्ही भरला असेल, तरी टायटलवर त्याचं नाव आहे तोवर दान करणारा तोच. अर्ज त्याच्या नावाने, सही त्याची, आणि टॅक्सची पावतीही त्याच्याच नावाने निघणार. तुम्ही फक्त त्याचे मुखत्यार म्हणून काम करू शकता. त्याच्या नावासमोर त्याच्यासारखी सही ठोकून मोकळे होऊ नका. तो सरळ गुन्हा आहे.

मालक हयात नसेल तर कोर्टाच्या आदेशाशिवाय गाडी वारसाच्या नावावर करण्याची सोय बऱ्याच राज्यांत असते. कॅलिफोर्नियात त्यासाठी रेग ५ हे प्रतिज्ञापत्र आहे आणि ते मृत्यूनंतर ४० दिवसांनी वापरता येतं. मृत्यूच्या दाखल्याच्या प्रमाणित प्रती थोड्या जास्तच काढून ठेवा.

२. टायटल खरंच हरवलंय का?

घर उलथंपालथं करण्याआधी दोन शक्यता तपासा. पहिली अशी की टायटल कागदावर कधी छापलंच गेलं नसेल. फ्लोरिडासारख्या राज्यांत टायटल इलेक्ट्रॉनिक स्वरूपात डीएमव्हीकडेच राहू शकतं. तिथे ‘हरवलेल्या’ कागदाचा अर्ज करायचा नसतो, फक्त छापील प्रत मागायची असते.

दुसरी शक्यता जास्त दिसते: गाडी कर्जावर घेतली होती, तेव्हा टायटल बँकेकडे गेलं, आणि कर्ज फिटल्यावर बँकेने पाठवलेला लिफाफा तुमच्या जुन्या पत्त्यावर गेला. किंवा बँकेने काहीच पाठवलं नाही.

डीएमव्हीला फोन करा किंवा ऑनलाइन खात्यात बघा, आणि तीन गोष्टी विचारा. टायटल कोणाच्या नावावर आहे? त्यावर लीन, म्हणजे बँकेचा बोजा, अजून दिसतो का? आणि नोंदलेला पत्ता कोणता? यासाठी व्हिन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, लागेल. तो १७ अक्षरा-आकड्यांचा नंबर ड्रायव्हरच्या बाजूला विंडशील्डच्या खालच्या कोपऱ्यात बाहेरूनच वाचता येतो, त्यामुळे गाडी कुलूपबंद असली तरी काम होतं. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर आणि इन्शुरन्सच्या कार्डावरही तो असतो. लिहून घेताना एक लक्षात ठेवा: व्हिनमध्ये इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. गोल दिसलं की ते शून्यच.

३. बँकेचा बोजा उतरवा

कर्ज फिटून कितीही वर्षं झाली तरी डीएमव्हीच्या नोंदीत बँकेचं नाव राहिलेलं असू शकतं. तसं असेल तर डुप्लिकेट टायटलचा अर्ज परत येईल, किंवा नवं टायटल थेट बँकेला पाठवलं जाईल. बँकेकडून लीन रिलीज लेटर मागवा. त्यावर व्हिन, तुमचं नाव, कर्ज पूर्ण फिटल्याची तारीख आणि अधिकाऱ्याची सही हवी. काही राज्यांना ते नोटरी केलेलं लागतं.

मला सगळ्यांत जास्त वेळ याच पायरीवर लागला. ज्या बँकेचं कर्ज होतं ती दुसऱ्या बँकेत विलीन झाली होती, आणि फोनवर प्रत्येक जण मला दुसऱ्या विभागाकडे पाठवत होता. शेवटी ‘कस्टमर सर्व्हिस’ हा शब्द सोडला आणि थेट ‘पेड-ऑफ ऑटो लोन, लीन रिलीज डिपार्टमेंट’ असं म्हणायला लागलो, तेव्हा योग्य माणूस मिळाला. तुम्हीही तसंच विचारा.

बँक आता त्या नावाने अस्तित्वातच नसेल तर एफडीआयसीच्या (बँकांतल्या ठेवींचा विमा उतरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) बँकफाइंड या ऑनलाइन सेवेत जुनं नाव टाका. ती कोणत्या बँकेत गेली ते तिथे कळतं. साधं विलीनीकरण असेल तर पत्र नव्या बँकेने द्यायचं. बँक बुडून एफडीआयसीच्या ताब्यात गेली असेल तर लीन रिलीजसाठी अर्ज एफडीआयसीकडेच करता येतो.

४. डुप्लिकेट टायटल काढा

अर्ज साधा आहे, दोन पानांच्या आतला. साधारण लागतं ते असं:

– ड्रायव्हिंग लायसन्स किंवा राज्याचं ओळखपत्र (मुदत संपलेलं नको)
– व्हिन, गाडीचं वर्ष, मॉडेल आणि प्लेट नंबर
– रजिस्ट्रेशन किंवा इन्शुरन्स कार्ड, असेल ते
– बोजा होता तर मूळ लीन रिलीज लेटर
– सगळ्या मालकांच्या सह्या, किंवा पॉवर ऑफ ॲटर्नी
– फी

न्यूयॉर्कमध्ये फॉर्म एमव्ही-९०२ आणि फी २० डॉलर. न्यू जर्सीत एमव्हीसी (तिथल्या डीएमव्हीचं नाव) ६० डॉलर घेते. टेक्सासात फॉर्म व्हीटीआर-३४, टपालाने २ डॉलर आणि प्रत्यक्ष गेलात तर ५ डॉलर ४५ सेंट. टेक्सासवाल्यांची एक हमखास चुकामूक होते: गाडीची नोंदणी काउंटीच्या टॅक्स ऑफिसात होते म्हणून लोक यासाठीही तिथेच जातात. टायटलची प्रमाणित प्रत मात्र टीएक्सडीएमव्हीच्या, म्हणजे टेक्सासच्या डीएमव्हीच्या, प्रादेशिक सेवा केंद्रात मिळते.

कॅलिफोर्नियात रेग २२७ हा फॉर्म हरवलेल्या टायटलसाठी आणि मालकी बदलण्यासाठी असा दोन्हींना चालतो. म्हणजे आधी डुप्लिकेट येऊ द्या आणि मग दान करा, असं थांबायची गरज नसते. तिथल्या बऱ्याच संस्था हा फॉर्म घेतात. फोनवर नुसतं ‘टायटल नाही’ असं म्हणू नका. ‘टायटल नाही, पण रेग २२७ भरून देतो’ म्हणा.

अर्ज करण्याआधी पत्ता बदला. डीएमव्ही टायटल नोंदलेल्या पत्त्यावर पाठवते, आणि टपाल खात्याच्या फॉरवर्डिंगवर या कागदाच्या बाबतीत भरवसा ठेवू नये. घर बदललं असेल तर आधी पत्ता, दोन दिवस जाऊ द्या, मग अर्ज.

डुप्लिकेट निघालं की जुनं टायटल रद्द होतं. पुढे आवराआवरीत ते सापडलं तर ते वापरायचं नाही. संस्थेला चुकून जुनं दिलंत तर हस्तांतरण अडकेल आणि तोवर गाडी तुमच्या दारातून गेलेली असेल.

एच-१बी या कामाच्या व्हिसावर असताना नोकरी गेली असेल तर देश सोडण्याआधी हातात जास्तीत जास्त ६० दिवस असतात. टपालाने डुप्लिकेट यायला काही आठवडे सहज जातात, म्हणून हे काम पहिल्या आठवड्यातच सुरू करा. फर्निचर विकणं, शाळेचे दाखले, बँक खाती ही कामं शेवटच्या पंधरवड्यात होतात. टायटल होत नाही.

आता ज्यांच्याकडे मालकीचा काहीच पुरावा नाही त्यांच्याबद्दल. कधीतरी कोणाकडून रोखीने गाडी घेतली, नावावर केलीच नाही, आणि विकणारा आता सापडत नाही. अशांसाठी काही राज्यांत बाँडेड टायटल, म्हणजे हमीचा बाँड देऊन मिळणारं टायटल, असतं. टेक्सासात गाडीच्या किमतीच्या दीडपट रकमेचा बाँड तीन वर्षांसाठी घ्यावा लागतो. दान करायच्या जुन्या गाडीसाठी एवढा खटाटोप मी तरी सुचवणार नाही. काही राज्यांत फार जुन्या गाड्या टायटलशिवाय भंगारात देता येतात. संस्थेला विचारा की ‘माझ्या राज्यात ही गाडी तुम्ही भंगार म्हणून घेऊ शकता का’. उत्तर ‘हो’ आलं तर सुटलात.

५. संस्था निवडा, आणि तिला खरं सांगा

गाडी घेणारी संस्था ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था, आहे का ते आयआरएसच्या (केंद्रीय कर खात्याच्या) वेबसाइटवरच्या टॅक्स एक्झेम्प्ट ऑर्गनायझेशन सर्च या सेवेत बघा. नाव हुबेहूब जुळलं पाहिजे. जाहिरातीत ऐकलेलं नाव आणि कागदावरचं नाव वेगळं निघालं तर पुढे विचारपूस करा.

बहुतेक संस्था गाड्या स्वतः हाताळत नाहीत. फोन उचलणारी आणि टो ट्रक पाठवणारी एक मध्यस्थ कंपनी असते, ती गाडी लिलावात विकते आणि आपला वाटा ठेवून उरलेली रक्कम संस्थेला देते. यात बेकायदा काही नाही. पण विक्रीच्या रकमेतलं किती संस्थेला पोचतं हा प्रश्न विचारायचा तुम्हाला हक्क आहे, आणि चांगल्या संस्था सरळ उत्तर देतात. हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटीचा ‘कार्स फॉर होम्स’ हा उपक्रम आहे, बरीच सार्वजनिक रेडिओ स्टेशनं गाड्या घेतात. मेरीलँड-व्हर्जिनियाकडची व्हेइकल्स फॉर चेंज ही संस्था गाड्या दुरुस्त करून गरजू कुटुंबांना देते. तुमची गाडी चालू स्थितीत असेल तर अशा संस्थेला द्या असं मी मनापासून म्हणेन. लिलावात दीड हजाराला जाणारी गाडी एखाद्या आईला नोकरीवर जायला मिळाली, तर त्या दीड हजारांपेक्षा ती कितीतरी मोठी मदत आहे.

फोन करताना सगळं आधी सांगा: किल्ली नाही, गाडी सुरू होत नाही, टायर बसले आहेत, मागे भिंत आहे, पार्किंग तळघरात आहे. तळघराच्या छताची उंची मोजून सांगा, कारण मोठा फ्लॅटबेड ट्रक तिथे आत येतच नाही आणि मग वेगळी गाडी मागवावी लागते. हे लपवलं तर ट्रक येतो, ड्रायव्हर बघतो आणि रिकामा निघून जातो. पुन्हा तारीख मिळायला वेळ लागतो, आणि तोवर लीझिंग ऑफिस थांबेलच असं नाही.

या फोनवर हे विचाराच: किल्लीशिवाय गाडी घेता का? टो फुकट आहे ना? टायटल कोणाच्या नावे लिहायचं? १०९८-सी फॉर्म (टॅक्ससाठी लागणारी गाडीच्या दानाची पावती) कोण आणि कधी पाठवणार?

६. किल्लीचं काय करायचं

आता किल्लीकडे वळू. आधी हिशेब करा. १९९० च्या दशकाच्या शेवटापासून बहुतेक गाड्यांच्या किल्लीत चिप असते. नुसतं पातं कापून गाडी सुरू होत नाही, चिप गाडीच्या कॉम्प्युटरशी जुळवावी लागते. सगळ्या किल्ल्या हरवल्या असतील तर हे काम सहज काही शे डॉलरांवर जातं. डीलरशिपकडे गेलात तर बहुतेक वेळा गाडी तिथवर टो करून न्यावी लागते. फिरता लॉकस्मिथ पार्किंगमध्ये येऊन करून देतो आणि सहसा स्वस्त पडतो. दोघेही ओळखपत्र आणि मालकीचा पुरावा मागतात, आणि मागायलाच हवा. काहीच न विचारता किल्ली करून देणारा भेटला तर त्याच्याकडून काम करून घेऊ नका.

माझं मत असं: गाडी एरवी चालू स्थितीत असेल आणि दोनेक हजार डॉलरांच्या वरची असेल, तर किल्ली करून घ्या. लिलावात इंजिन सुरू होणाऱ्या गाडीला आणि न होणाऱ्या गाडीला मिळणाऱ्या भावात मोठा फरक असतो, आणि तो फरक संस्थेला मिळतो. गाडी भंगाराच्या वाटेवर असेल तर किल्लीवर पैसे घालू नका. तेच पैसे चेकने संस्थेला द्या.

किल्ली करण्याआधी सगळीकडे नीट शोधा. व्हॅले पार्किंगसाठी मिळणारी साधी किल्ली मॅन्युअलच्या पाकिटात राहिलेली असते. मूळ किल्ल्यांसोबत कोड कोरलेली पत्र्याची छोटी पट्टी येते, ती सापडली तर लॉकस्मिथचं काम हलकं होतं. ज्याच्याकडून गाडी घेतली त्यालाही विचारा. दुसरी किल्ली त्याच्या ड्रॉवरमध्ये निघालेली मी पाहिली आहे.

किल्लीशिवाय गाडी हलते कशी, ते एकदा जवळून बघितलं की भीती जाते. ऑटोमॅटिक गाडी पार्कमध्ये अडकलेली असते आणि स्टिअरिंगला कुलूप असतं. बऱ्याच मॉडेलांत गिअरच्या दांड्याशेजारी नखाएवढं प्लॅस्टिकचं झाकण असतं. ते स्क्रूड्रायव्हरने उचकटलं की खाली खाच दिसते. ब्रेकवर पाय ठेवून ती खाच दाबली की दांडा न्यूट्रलला येतो. आमच्या सिव्हिकच्या वेळी टोवाल्याने आधी चाकांना लाकडी ठोकळे लावले, मग झाकण उघडलं, आणि पुढची चाकं वळत नव्हती म्हणून त्यांच्याखाली छोट्या चाकांचे ठेले सरकवले. पंधरा मिनिटांत गाडी ट्रकवर होती. हे त्यालाच करू द्या. उतारावर असलेली गाडी न्यूट्रलला घातली तर ती तुमच्या हातात राहत नाही. सगळ्या गाड्यांत ही सोय नसते, आणि बटणाचा हँडब्रेक असलेल्या गाड्यांत बॅटरी मेली की आणखी अडचण होते. म्हणून तेही फोनवर सांगा.

७. ट्रक येण्याआधी गाडी रिकामी करा

दार उघडत नसेल तर लॉकस्मिथ किंवा ट्रिपल-ए या मोटार क्लबची रोडसाइड सेवा फक्त दार उघडून देते, तेवढ्याला नवी किल्ली लागत नाही. आत जाऊन ग्लव्ह बॉक्स, सीटखालची जागा, डिकीतला स्टेपनीचा खड्डा, सनग्लासचा कप्पा बघा. काचेवरचा टोलचा टॅग (ई-झीपास किंवा फासट्रॅक) काढा, नाहीतर दुसऱ्याचा टोल तुमच्या खात्यातून जाईल. गॅरेजचा रिमोट काढा. जुनी इन्शुरन्स कार्डं, दुरुस्तीची बिलं, ज्यावर पत्ता आहे तो प्रत्येक कागद काढा. गाडी फोनच्या ॲपला जोडलेली असेल तर खात्यातून ती काढून टाका. बॅटरीला झटका देऊन स्क्रीन चालू होत असेल तर फोनची यादी आणि घराचा पत्ताही पुसा.

८. सही करताना

मी सगळ्यांत जास्त जपायला सांगतो ते इथे.

टायटलवर खरेदीदाराच्या जागी संस्थेचं पूर्ण नाव लिहूनच सही करा. संस्थेने मध्यस्थाचं नाव लिहायला सांगितलं असेल तर ते लेखी मागून घ्या. ट्रकवाला म्हणेल, ‘ती जागा मोकळी ठेवा, ऑफिसमध्ये भरतील.’ ठेवू नका. कोऱ्या सहीचं टायटल हातोहात फिरू शकतं. गाडी कोणाच्याच नावावर होत नाही, आणि पुढची पार्किंगची दंडपावती, टोल, कधीकधी अपघाताची चौकशीसुद्धा तुमच्या पत्त्यावर येते.

आधी घरी सही करून ठेवू नका. ओहायो, पेनसिल्व्हेनिया, नॉर्थ कॅरोलायना अशा राज्यांत विकणाऱ्याची सही नोटरी किंवा अधिकृत व्यक्तीसमोर व्हावी लागते. आधीच सही केली असेल तर ते टायटल वाया जातं. खाडाखोडही चालत नाही. चुकलं तर व्हाइटनर लावू नका, पुन्हा डुप्लिकेट काढावं लागेल.

मॉडेल २०११ किंवा त्यानंतरचं असेल तर केंद्रीय नियमाप्रमाणे ओडोमीटरचा आकडा लिहून द्यावा लागतो, आणि हे बंधन गाडी वीस वर्षांची होईपर्यंत असतं. २०१० आणि त्याआधीच्या गाड्यांना यातून सूट आहे. डिजिटल ओडोमीटर किल्लीशिवाय दिसत नाही अशी तक्रार ऐकू येते. बॅटरीत थोडा जीव असेल तर काही गाड्यांत ड्रायव्हरचं दार उघडल्या क्षणी आकडा काही सेकंद उजळतो. फोनचा कॅमेरा तयार ठेवून दार उघडा. नाहीच दिसला तर अंदाजाने आकडा ठोकू नका. शेवटच्या सर्व्हिसच्या बिलावरचा आकडा संस्थेला दाखवा आणि फॉर्मवर काय लिहायचं ते डीएमव्हीला विचारा.

ट्रकवाल्याकडून पावती घ्या: तारीख, वेळ, व्हिन, टो कंपनीचं नाव, ड्रायव्हरची सही. टायटलचे पुढून-मागून फोटो, ट्रकवर चढलेल्या गाडीचा फोटो. सोशल सिक्युरिटी नंबर या पावतीवर लिहू नका. १०९८-सीसाठी संस्थेला तो लागतो, पण तो तिच्या अधिकृत फॉर्ममधूनच द्या.

९. प्लेट, डीएमव्ही, इन्शुरन्स: याच क्रमाने

न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कमध्ये प्लेट तुमच्या असतात. त्या काढून घ्या, जमा करा, पावती घ्या आणि मगच इन्शुरन्स बंद करा. क्रम उलटा केला तर विमा नसलेल्या गाडीची नोंदणी तुमच्या नावावर चालू दिसते आणि रजिस्ट्रेशन निलंबित होऊ शकतं. न्यूयॉर्कमध्ये लायसन्सवरही गदा येऊ शकते. कॅलिफोर्नियात साध्या प्लेट गाडीसोबतच जातात. किल्ली नसली तरी प्लेट बाहेरूनच निघतात. गंजलेल्या स्क्रूंना आदल्या रात्री तेल सोडून ठेवा.

गाडी दिल्याचं डीएमव्हीला स्वतः कळवा. संस्था कळवेल यावर विसंबू नका. कॅलिफोर्नियात रेग १३८ पाच दिवसांच्या आत ऑनलाइन भरायचा, टेक्सासात व्हीटीआर-३४६ तीस दिवसांच्या आत. भरल्यावर येणारं कन्फर्मेशन जपून ठेवा.

१०. टॅक्सची वजावट: किती धरायची

जाहिराती ‘पूर्ण वजावट’ म्हणतात, त्यावर जाऊ नका. २००४ च्या कायद्याने नियम बदलला आणि २००५ पासून तो लागू आहे. साधारणपणे संस्थेने गाडी जेवढ्याला विकली तेवढीच वजावट. केली ब्लू बुकमध्ये (जुन्या गाड्यांच्या किमतींच्या यादीत) ३,००० डॉलर दाखवत असेल आणि लिलावात १,९०० आले, तर १,९००. विक्री ५०० डॉलर किंवा त्याखाली झाली तर ५०० किंवा गाडीची बाजारभावाची किंमत, यातली जी कमी असेल ती धरता येते. संस्थेने गाडी स्वतःच्या कामासाठी बराच काळ वापरली, तिच्यात मोठी दुरुस्ती केली, किंवा गरजू माणसाला फुकट वा फारच स्वस्तात दिली, तर बाजारभाव धरता येतो. पण तसं १०९८-सीवर नमूद असावं लागतं.

शिवाय ही वजावट आयटमाइझ करणाऱ्यांनाच, म्हणजे एकेक खर्च मांडून वजावट घेणाऱ्यांनाच मिळते. २०२५ सालासाठी स्टँडर्ड डिडक्शन (खर्च न मांडता मिळणारी ठरावीक वजावट) एकट्याला १५,७५० आणि जोडप्याला ३१,५०० डॉलर होतं. घराचं कर्ज वगैरे नसेल तर बहुतेकांची आयटमाइज्ड बेरीज तिथवर पोचत नाही आणि गाडीच्या दानाने टॅक्समध्ये काहीच फरक पडत नाही. २०२६ पासून आयटमाइझ न करणाऱ्यांना देणगीची थोडी वजावट मिळते, पण ती रोख देणगीचीच, गाडीची नाही. आयटमाइझ करणाऱ्यांनाही २०२६ पासून एजीआयच्या (टॅक्ससाठीच्या समायोजित उत्पन्नाच्या) अर्ध्या टक्क्यापर्यंतची देणगी सोडून पुढचीच धरता येते. टॅक्स वाचेल म्हणून कोणी किल्ली करायला चारशे डॉलर घालत असेल, तर हे आकडे आधी मांडून बघा.

वजावट ५०० च्या वर असेल तर १०९८-सीची बी प्रत रिटर्नला जोडावी लागते आणि फॉर्म ८२८३ भरावा लागतो. ई-फाइल करत असाल तर ती प्रत फॉर्म ८४५३ सोबत टपालाने पाठवता येते. १०९८-सी विक्रीनंतर ३० दिवसांत यायला हवा. गाडी लिलावात पडून राहिली तर विक्रीच उशिरा होते, म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये दान करणाऱ्यांनी जानेवारी संपायच्या आत संस्थेला फोन करून विक्रीची तारीख विचारावी. भारतात परतला असाल तर संस्थेला तिकडचा टपालाचा पत्ता आणि ईमेल दोन्ही द्या, आणि टोची पावती, टायटलचे फोटो, प्लेटची पावती, १०९८-सी हे सगळं रिटर्न भरल्यापासून निदान तीन वर्षं एका फोल्डरमध्ये ठेवा.